सूत्रे खुली, भाष्य गहाळ

सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि संगणकाच्या जगातील मालमत्तेचा प्रश्न उघडपणे ऐरणीवर आणला. त्यामागील प्रसंग आता सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत एका छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. परंतु तिचा मूळ मजकूर, म्हणजेच सोर्स कोड, गोपनीयतेच्या कराराखाली दडविलेला होता. यंत्र समोर आहे, त्याचा दोष कळलेला आहे, दुरुस्तीची विद्या अंगी आहे आणि तरीही हात बांधलेले आहेत, या अनुभवातून एक चळवळ उभी राहिली. १९८९ साली तिने ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना दिला. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आज अँड्रॉइड फोनपासून जगातील सर्वांत मोठ्या पाचशे महासंगणकांपर्यंत लिनक्स पोहोचले आहे. खाजगी मालमत्तेच्या तटबंदीला एवढे मोठे खिंडार अलीकडच्या इतिहासात क्वचितच पडले असेल. डाव्या विचाराच्या मंडळींनी या चळवळीचे स्वागत केले ते योग्यच झाले.

परंतु विजयाच्या उत्सवात एक गोष्ट नजरेआड झाली. कुलूप निघाले म्हणजे घर सर्वांचे झाले, असे गृहीत धरले गेले. वस्तुस्थिती तशी नाही. मुक्त आज्ञावलींची जी असंख्य भांडारे आज जगासमोर उघडी आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या आत बाहेरच्या माणसाला वाट सापडत नाही. दार उघडे आहे. आत दिवा नाही. आणि ज्यांना अंधारात चालण्याची सवय आहे असे मूठभर लोकच त्या घराचे खरे मालक होऊन बसले आहेत.

बाहेरच्या माणसाच्या वाट्याला काय येते ते पाहावे. खानदेशातील एखाद्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थिनी मोठ्या उमेदीने असे एक भांडार उघडते. प्रथम ‘रीडमी’ नावाची फाइल दिसते. तिच्यात आज्ञावलीची स्तुती असते, पाच-सहा रंगीत बिल्ले असतात आणि उभारणीच्या तीन ओळी असतात. त्या तीन ओळी तिच्या यंत्रावर चालत नाहीत, कारण त्या तीन वर्षांपूर्वीच्या आहेत आणि तेव्हा ज्या इतर आज्ञावलींवर हे सारे उभे होते, त्या दरम्यान बदललेल्या आहेत. पुढे ‘कोअर’, ‘लिब’, ‘युटिल्स’, ‘लेगसी’ अशा नावांचे कप्पे दिसतात. कोणत्या कप्प्यापासून वाचावयास सुरुवात करावी, कोणता कप्पा जिवंत आहे आणि कोणता मृत, हे कोठेही लिहिलेले नसते. एकच काम करणाऱ्या दोन फाइली सापडतात. त्यांतील खरी कोणती, हे सांगणारे कोणी नसते. माहितीपुस्तिकेचा दुवा दाबला, तर पान अस्तित्वात नसल्याचा निरोप येतो. प्रश्न विचारावा, तर खरी चर्चा एखाद्या गप्पांच्या खोलीत होऊन गेलेली असते आणि तिची नोंद बाहेरच्याला धुंडाळता येत नाही. शेवटी कोणीतरी उत्तर देतो : “कोड वाचा, त्यात सगळे आहे.”

या एका वाक्यात सारी पुरोहितशाही सामावलेली आहे.

‘कोड हेच दस्तऐवज’ हा युक्तिवाद वरवर पाहता मोठा शास्त्रीय वाटतो. मजकूर जुना होतो, खोटा ठरतो. कोड मात्र यंत्राला जे सांगतो तेच करतो, म्हणून तोच प्रमाण, असे त्याचे समर्थक म्हणतात. परंतु कोड सांगतो तो फक्त ‘काय’ आणि ‘कसे’. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. हा मार्ग का निवडला, दुसरे कोणते मार्ग तपासून टाकून दिले, ही विचित्र दिसणारी ओळ काढली तर कोठे काय कोसळेल, हे कोडच्या अक्षरांत उमटत नाही. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. त्यांच्या मते आज्ञावली रचणे म्हणजे मुख्यतः एक सिद्धान्त, एक समज, मनात उभी करणे होय. लिहिलेला मजकूर हे त्या समजेचे केवळ एक फलित असते. ती समज बाळगणारी माणसे पांगली की मजकूर शाबूत राहूनही आज्ञावली मरते. नाउर यांचा निष्कर्ष पुढे असाही होता की ही समज निव्वळ कागदावर पूर्णपणे उतरविता येत नाही. हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. जे पूर्ण सांगता येत नाही ते मुळीच सांगू नये, असे कोणत्या न्यायाने ठरते? शिक्षकाचे सारे ज्ञान पाठ्यपुस्तकात मावत नाही, म्हणून पाठ्यपुस्तके जाळावीत असे कोणी म्हणत नाही.

भारतीय परंपरेला हा पेच नवा नाही. पाणिनीने व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बांधले. त्याच्या काटेकोरपणाला तोड नाही. परंतु पतंजलीच्या महाभाष्यासारखा आधार नसता, तर ती सूत्रे गुरुमुखावाचून कोणाला उलगडली असती? जेथे भाष्य नाही तेथे गुरू अपरिहार्य होतो, आणि जेथे गुरू अपरिहार्य होतो तेथे शिष्य निवडण्याचा अधिकार गुरूच्या हाती जातो. महाराष्ट्रात तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली, तिचे सामाजिक महत्त्व येथेच आहे. मूळ ग्रंथ तर आधीपासून होताच. लोकांपुढे नव्हता तो त्याचा उलगडा. ग्रंथ असणे आणि ग्रंथ खुला असणे यांत अंतर असते हे या मातीतील माणसाला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. मोडी लिपीतील दप्तरे सरकारी कपाटांत सुरक्षित आहेत. त्यांवर कोणाची बंदी नाही. तरीही आपल्याच पणजोबाच्या जमिनीचा कागद शेतकऱ्याला मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीला ही गोष्ट तत्त्वतः ठाऊक होती, हे विशेष. तिने सांगितलेल्या स्वातंत्र्यांत आज्ञावली कशी चालते याचा अभ्यास करण्याचे आणि ती बदलण्याचे स्वातंत्र्य आहे. सोर्स कोड मिळणे ही त्याची पूर्वअट म्हटली आहे. पूर्वअट म्हणजे पूर्तता नव्हे. परवान्यात सोर्स कोडची व्याख्याही ‘बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप’ अशा अर्थाची केलेली आहे, आणि उभारणीसाठी लागणाऱ्या आज्ञाही त्यासोबत देणे बंधनकारक मानले आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. जो मजकूर हाती घेऊन काम करता येत नाही, तो देणे म्हणजे देणे नव्हे, ही जाणीव परवाना रचणाऱ्यांना होती. चांगल्या मुक्त माहितीपुस्तिकांचा अभाव ही मोठी उणीव आहे, असे स्टॉलमन यांनी स्वतः लिहिले आणि २००० साली पुस्तिकांसाठी स्वतंत्र परवानाही निघाला. तथापि १९९८ मध्ये ‘मुक्त आज्ञावली’ऐवजी ‘ओपन सोर्स’ हे व्यापारी जगाला रुचणारे नाव रूढ करण्यात आले. नावातून स्वातंत्र्य गेले आणि उरला तो उघडा मजकूर. जे नावातून गळाले ते व्यवहारातूनही गळत गेले.

या अंधाराची किंमत कोण मोजतो? अमेरिकन लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्त्रीमुक्ती चळवळीतील गटांविषयी एक निबंध लिहिला. ज्या संघटनेत नियम लिहिलेले नसतात तेथे सत्ता नाहीशी होत नाही. ती अदृश्य होते आणि एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्या वर्तुळाच्या हाती जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुक्त-स्रोत प्रकल्पांना ते शब्दशः लागू पडते. लिखित वाट नसेल तर ओळखीची वाट चालते. ज्याच्याजवळ रिकामी रात्र आहे, वेगवान यंत्र आहे, अस्खलित इंग्रजी आहे आणि दहा वेळा अपमान गिळूनही पुन्हा विचारण्याची ऐपत आहे, तोच आत पोहोचतो. कामावरून परतून स्वयंपाकाला लागणारी स्त्री किंवा तालुक्याच्या गावी भाड्याच्या यंत्रावर शिकणारा मुलगा पहिल्या आठवड्यातच गळतो. आणि तो गळाला याची नोंदही कोठे होत नाही. मग मागे उरलेले म्हणतात की येथे केवळ गुणवत्ता चालते.

आकडे काय सांगतात? गिटहब या सर्वांत मोठ्या भांडारस्थळाने २०१७ साली केलेल्या पाहणीत अपुरी किंवा जुनी झालेली दस्तऐवज ही अडचण ९३ टक्के लोकांनी नोंदविली. त्याच पाहणीत हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण दस्तऐवजांचे काम क्वचितच करतो किंवा कधीच करत नाही, असे सांगितले. जवळजवळ एक चतुर्थांश लोकांना इंग्रजी लिहिणे-वाचणे फार चांगले जमत नव्हते. आणि स्त्रियांचे प्रमाण होते अवघे ३ टक्के. सर्वांना खुल्या असलेल्या दारातून शंभरांतील तीनच स्त्रिया आत येत असतील, तर दाराच्या उघडेपणाविषयी शंका घेणे हा द्रोह ठरत नाही.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली मक्तेदारी भांडवलशाहीतील श्रमाचे विश्लेषण करताना दाखविले की, कामाची कल्पना आणि कामाची अंमलबजावणी यांची फारकत करून भांडवल कामगाराच्या हातातील ज्ञान काढून घेते. येथे तीच फारकत वेगळ्या वेषात आली आहे. अंमलबजावणीचा मजकूर सर्वांना फुकट वाटला जातो. त्यामागील कल्पना मात्र थोड्यांच्या डोक्यात राहते. आणि मजकूर फुकट झाला की बाजारभाव चढतो तो त्या कल्पनेचा. आज्ञावली मोफत, परंतु तिचा उलगडा, आधारसेवा आणि प्रशिक्षण विकत, हा आता प्रतिष्ठित धंदा आहे. सेवा विकण्यात पाप नाही. परंतु ज्याचे उत्पन्न उलगडा विकण्यावर अवलंबून आहे, त्याला उलगडा फुकट लिहून ठेवण्याची घाई का असावी? २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरना घेतले. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ही लिनक्सवर उभी असलेली कंपनी चौतीस अब्ज डॉलरना विकत घेतली. फुकट वाटल्या जाणाऱ्या मजकुराभोवती एवढी संपत्ती उभी राहते, तेव्हा ती मजकुराची नसून मजकुराकडे जाणाऱ्या वाटेवरील नाक्याची असते. याउलट, वाट दाखविणाऱ्याचे काय होते? ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कामावरून कमी केले; जगभरचे लोक ज्यावरून वेबचे तंत्र शिकतात त्या ‘एमडीएन’ या दस्तऐवजसंग्रहाचे लेखक त्यांत होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ही आज्ञावली बहुधा स्वयंसेवकांनी लिहिलेली असते. त्यांनी रात्री जागून कोड लिहावा, तो फुकट द्यावा आणि वर त्याचे भाष्यही लिहावे, ही मागणी कृतघ्नपणाची नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला, तेव्हा जगाचे मोठे व्यवहार ज्या ‘ओपनएसएसएल’वर विसंबून होते, त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत असल्याचे जगाला कळले. दोष सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडा पडून होता. पुरेशी नजर असली की प्रत्येक दोष उथळ ठरतो, असे या चळवळीचे एक लाडके वचन आहे. नजर पडण्यासाठी मजकूर वाचनीय असावा लागतो, एवढेच ते वचन सांगावयास विसरले. मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण तर अधिकच बोलके आहे. थकलेल्या एकाकी स्वयंसेवकाचा विश्वास संपादन करून एका छुप्या व्यक्तीने त्या प्रकल्पात चोरवाट घातली. ती लपविली कोठे, तर चाचणीच्या न वाचता येणाऱ्या फाइलींत आणि उभारणीच्या अशा आज्ञांत, ज्यांकडे कोणी पाहतच नाही. एका अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती सापडली. अंधाराचा आश्रय फक्त पुरोहितच घेतो असे नाही, चोरही घेतो.

म्हणून दोष स्वयंसेवकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याने आपला वाटा केव्हाच दिलेला आहे. प्रश्न त्या कंपन्यांना विचारावयास हवा ज्या या मजकुरावर अब्जावधी कमावतात, आणि त्या शासनांना ज्यांची कचेरी त्यावर चालते. स्वयंसेवकाचे श्रम फुकट घेऊन वर त्यालाच जाब विचारणे ही वेठबिगारी झाली. परंतु त्याच्या थकव्याची ढाल पुढे करून बाहेरच्यांना कायमचे बाहेर ठेवणे ही लबाडी झाली. दोन्ही नाकारल्या पाहिजेत.

अलीकडे एक नवे उत्तर दिले जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आता कोणताही कोड वाचून समजावून सांगते. मग दस्तऐवजांची कटकट हवी कशाला? यंत्राचा उपयोग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तंत्रनिकेतनातील त्या विद्यार्थिनीला त्याने पहिल्या दोन पायऱ्या निश्चित चढता येतील. परंतु जे कोठेही लिहिलेलेच नाही, ते ‘का’ यंत्र आणणार कोठून? ते अंदाज करते आणि अंदाज तितक्याच ठामपणे सांगते. खरे-खोटे पारखण्यासाठी पुन्हा जाणता माणूसच लागतो. शिवाय ही यंत्रे आहेत कोणाची? लोकांनी फुकट दिलेल्या कोडवर शिकून तयार झालेली आणि बहुतांशी मोजक्या कंपन्यांच्या मालकीची. सामाईक गायरानातील गवत कापून नेऊन तेच गावाला दरमहा भाड्याने देण्याचा हा प्रकार आहे. सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले होते की सामाईक संपत्ती टिकते ती वापरणाऱ्यांनी मिळून ठरविलेल्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या नियमांमुळे. नियम ज्यांना कळतच नाहीत, ते त्या संपत्तीचे भागीदार नसतात, आश्रित असतात.

आता शासनाकडे वळावे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत आज्ञावलीला पसंती देण्याचे आणि सरकारी आज्ञावलींचा कोड खुला करण्याचे धोरण जाहीर केले. मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड मोठा गाजावाजा करून खुला करण्यात आला. सर्व्हरवरील भाग, म्हणजे नागरिकांची माहिती जेथे जमा होते तो भाग, त्या वेळी सोबत नव्हता. अर्धा कागद दाखवून पारदर्शकतेची टाळी घेण्याची ही रीत धोक्याची आहे. रेशन, निवृत्तिवेतन, पीकविमा, जमिनीचे उतारे हे सारे आज आज्ञावलींतून जाते. एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन कोणत्या अटीमुळे अडले, हे उद्या कोडच्या एखाद्या ओळीत दडलेले असेल. ती ओळ ‘खुली’ आहे, एवढ्याने तिला न्याय मिळणार नाही.

या बाबतीत कायद्याने वाट घालून दिलेली आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम केवळ कागद दाखवा असे म्हणत नाही. माहितीचा हक्क बजावणे सोपे जाईल अशा रीतीने अभिलेखांची सूची आणि वर्गवारी करून ठेवण्याचे बंधन ते घालते, आणि माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषेचा विचार करण्यास सांगते. कागदांचा ढीग अंगणात ओतणे म्हणजे माहिती देणे नव्हे, हे तत्त्व या देशातील लोकचळवळींनी झगडून कायद्यात आणले. तेच तत्त्व आता कोडला लावले पाहिजे.

यातून मागण्या निघतात त्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशातून तयार होणारी प्रत्येक आज्ञावली कोडसोबत तिचा नकाशा, महत्त्वाच्या निर्णयांची कारणे आणि उभारणीची कृती यांच्यासह खुली झाली पाहिजे. आणि ती कृती प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाने कोऱ्या यंत्रावर करून पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघता कामा नये. नागरिकांच्या हक्कांचा निर्णय करणाऱ्या नियमांचे स्पष्टीकरण मराठीत मिळाले पाहिजे. शासन ज्या मुक्त आज्ञावली वापरते, त्यांच्या देखभालीसाठी आणि भाष्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. जर्मनीने २०२२ साली ‘सॉव्हरिन टेक फंड’ स्थापन करून असा खर्च सार्वजनिक कर्तव्य म्हणून स्वीकारलेला आहे. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दरवर्षी ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या त्याच त्या आज्ञावली लिहून कपाटात टाकण्याऐवजी, विद्यार्थ्यांना एखाद्या जिवंत प्रकल्पाचे भाष्य लिहिण्याचे काम अंतिम वर्षाला द्यावे. बाहेरून आत येताना कोठे ठेच लागते, हे बाहेरच्यालाच नेमके ठाऊक असते. आत पोहोचलेला ते विसरतो.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ‘ओपनबीएसडी’सारखा लहान प्रकल्प माहितीपुस्तिकेतील चूक कोडमधील चुकीइतकीच गंभीर मानतो. २००५ मध्ये खुल्या झालेल्या ‘जँगो’ने आपल्या दस्तऐवजांच्या जोरावर जगभर नवखे लोक आपलेसे केले. पैशाची अडचण आहे. परंतु त्याहून मोठी अडचण वृत्तीची आहे. लिहिणे हे हलके काम आणि कोड हे वरचे काम, ही नवी वर्णव्यवस्था मोडावी लागेल.

चळवळींनाही यात घेण्यासारखा धडा आहे. ज्या तालुका शाखेचा सारा इतिहास एका जुन्या कार्यकर्त्याच्या डोक्यात असतो, त्या शाखेत नवा तरुण तीन बैठका बसतो आणि चौथीला येत नाही. त्याला कोणी हाकललेले नसते. फक्त काय चालले आहे हे कोणी सांगितलेले नसते. मालकी हक्काचा कागद फाडणे ही समतेची पहिली पायरी होय. ज्याच्या नावे कधीच काही नव्हते, त्याला आत येऊन काम करता येईल अशी वाट लिहून ठेवणे ही दुसरी. पहिलीचा जयजयकार चाळीस वर्षे झाला. दुसरीचे काम अजून व्हावयाचे आहे.